लडाखचे गोंपा पाहायला निघताना

लडाखमधले बौद्ध मठ, म्हणजे गोंपा, आणि तिथली खोरी पाहायला निघालेल्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांचा आशय एकच होता ते एकत्र केले आहेत.

प्रश्न: आम्ही दोघे, वय ६४ आणि ६०. विमानाने जाणार आहोत. टूर कंपनीने दिलेला सहा रात्रींचा कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी दुपारी लेह राजवाडा आणि शांती स्तूप, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी तिथून थेट पँगाँग, चौथ्या दिवशी लेहला परत, पाचव्या दिवशी शे, थिकसे, स्ताकना आणि हेमिस, सहाव्या दिवशी लिकिर, आल्ची आणि लामायुरू. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. हा कार्यक्रम झेपेल का?

उत्तर: हा कार्यक्रम आहे तसा स्वीकारू नका. कंपनीशी बोलून तो बदलून घ्या. ऐकत नसतील तर कंपनी बदला.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. विमान तुम्हाला काही तासांत तिथे नेऊन सोडतं, पण शरीराला जुळवून घ्यायला निदान ४८ तास लागतात. तुमच्या कागदावर हे ४८ तास कुठेच नाहीत. पहिल्याच दुपारी राजवाड्याचा चढ आहे आणि दुसऱ्या दिवशी ५,३५९ मीटरची खिंड. खिंडीत तुम्ही पंधरा मिनिटं थांबून खाली उतरता, त्यामुळे खरा धोका तिसऱ्या रात्री आहे. उंचीच्या बाबतीत दिवसा कुठे जाऊन आलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. नुब्रातलं हुंदर ३,१०० मीटरच्या आसपास आणि पँगाँगचा काठ ४,२०० मीटरच्या वर. म्हणजे एका रात्रीत हजार मीटरहून जास्त उडी. तंबूत रात्री दोनला डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, आणि लेहचं रुग्णालय तिथून कित्येक तास दूर, मध्ये पुन्हा उंच खिंड. असं घडतं ते या क्रमामुळेच.

दुसरी चूक गोंपांच्या मांडणीत आहे. एका दिवसात चार गोंपा म्हणजे एकही नीट पाहून होत नाही. उन्हातून दुखांगमध्ये, म्हणजे मुख्य प्रार्थनागृहात शिरलं की पहिली पाच मिनिटं काही दिसतच नाही. डोळे सरावले की आधी खांबांवरचे थांका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं दिसतात, मग भिंतीवरची चित्रं, मग मूर्तींच्या हातांतल्या वस्तू. त्यात दुपारी किल्लीवाले लामा जेवायला गेले की दालनांना कुलूप असतं. एका गोंपाला दीड तास धरा आणि दिवसाला दोनच गोंपा ठेवा. तिसरा घेतलात की सगळ्या मूर्ती सारख्या दिसायला लागतात आणि परत आल्यावर कोणता फोटो कुठला हे आठवत नाही.

तुम्हाला आम्ही नऊ रात्रींचा क्रम सुचवू. पहिले दोन दिवस लेहमध्ये, पहिला पूर्ण विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांती स्तूपापर्यंत गाडीने जा, पायऱ्यांनी नको. तिसऱ्या दिवशी शे आणि थिकसे. चौथ्या दिवशी सिंधूच्या खालच्या अंगाला, शाम भागात उतरा. वाटेत लिकिर, मुक्काम आल्चीला. हे गाव ३,१०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे लेहपेक्षा चांगली झोप लागते. पाचव्या दिवशी सकाळी आल्ची, दुपारी लामायुरू, रात्री पुन्हा आल्ची. सहाव्या दिवशी बास्गो पाहून लेह. सातव्या दिवशी हेमिस आणि चेमरे. आठव्या दिवशी खारदुंग लावरून नुब्रा आणि तिथला डिस्किट गोंपा, नवव्या दिवशी परत लेह. पँगाँग या वेळी सोडा. तलाव सुंदर आहे यात शंकाच नाही, पण मठ पाहायला निघालेल्या माणसाचे दोन दिवस त्यात गाडीतच जातात.

ज्यांना लेहची पहिली रात्रही अवघड वाटते त्यांनी विमानतळावरून थेट आल्चीला जावं. दोनेक तासांचा रस्ता आहे. पहिल्या दोन रात्री चारशे मीटर खाली झोपायला मिळतं. हा क्रम फारसा कोणी देत नाही, पण साठीच्या पुढच्या प्रवाशांना तो उत्तम मानवतो.

रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका आणि वाढवूही नका. निघण्याआधी तीन-चार आठवडे डॉक्टरांना भेटा आणि मुक्कामांची उंची लिहिलेला कागद त्यांना दाखवा. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढलेला राहू शकतो. गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाण्याचं गणितही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

परतीच्या बाबतीत एवढंच: लेहची विमानं बहुतेक सकाळी असतात, कारण दुपारी दरीत वारं सुटतं. हवा बिघडली की विमान रद्द होतं. लेहहून दिल्लीला पोहोचून त्याच दिवशी पुढची स्वतंत्र तिकिटं काढली असतील तर सगळंच कोसळतं. एक दिवस मोकळा ठेवा.

प्रश्न: उंचीसाठी डायमॉक्स घ्यावी का? सगळे कापराची पुरचुंडी बरोबर न्यायला सांगतात.

उत्तर: कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. पुरचुंडी न्यायची तर न्या, पण तिच्या भरवशावर लक्षणं अंगावर काढू नका.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. ती मूत्रपिंडावाटे रक्तातलं बायकार्बोनेट बाहेर काढते, रक्त थोडं आम्लतेकडे झुकतं आणि मेंदू श्वास वाढवतो. जे काम शरीर दोन-तीन दिवसांत करणार असतं, ते ती लवकर सुरू करून देते. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, सोड्याची चव बदलते. याने घाबरू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं आणि झोप न लागणं ही सौम्य लक्षणं. ती दिसली तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागते आहे, खोकला येतो आहे, किंवा जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला बोटं लावत चालताना तोल जातो आहे, असं काही दिसलं तर ते फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. लगेच खाली उतरायचं आणि ऑक्सिजन व डॉक्टर गाठायचे. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय आहे. पहिले तीन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, दोन्हींमुळे झोपेत श्वास मंदावतो.

प्रश्न: आम्ही बौद्ध आहोत. आमच्या विहारात बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, वंदना पालीत होते. लडाखच्या गोंपातले उग्र चेहऱ्यांचे, कवट्यांच्या माळा घातलेले देव पाहून मुलं गोंधळली. हा धम्म आपलाच का? तिथे नेमकं काय पाहायचं?

उत्तर: मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गोंपाच्या ओसरीतच रंगवलेलं असतं.

दुखांगच्या दाराबाहेर भिंतीवर बहुतेक ठिकाणी एक मोठं चक्र दिसेल. एका अक्राळविक्राळ आकृतीने ते दातांत आणि नखांत धरलेलं असतं. हे भवचक्र, आणि धरणारा यम, म्हणजे अनित्यता. अगदी मधल्या वर्तुळात डुक्कर, साप आणि कोंबडा एकमेकांची शेपटी तोंडात धरून फिरताना दिसतात: मोह, द्वेष आणि लोभ. आता सर्वांत बाहेरची कड पाहा. तिथे बारा छोटी चित्रं असतात. काठी टेकत चाललेला आंधळा म्हणजे अविद्या. मडकं घडवणारा कुंभार म्हणजे संस्कार. फांदीवरून फांदीवर उडी मारणारं माकड म्हणजे विज्ञान, इथे अर्थ जाणीव. नावेतली माणसं म्हणजे नामरूप. सहा खिडक्यांचं घर म्हणजे षडायतन, मनासकट सहा इंद्रियं. मिठीतलं जोडपं म्हणजे स्पर्श. डोळ्यात बाण घुसलेला माणूस म्हणजे वेदना, सुखदुःखाची संवेदना. पेय पिणारा तृष्णा, फळं तोडणारा उपादान (धरून ठेवणं), गर्भवती स्त्री भव, बाळंतपण जाती (म्हणजे जन्म), आणि पाठीवर मृतदेह नेणारा माणूस म्हणजे जरामरण. विहारात प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे दुःख कशातून उपजतं याची ही बारा कड्यांची साखळी, शिकलेल्या मुलाला ही बारा चित्रं कोणाच्याही मदतीशिवाय ओळखता येतात. आधी त्यांना आंधळा शोधायला सांगा, पुढची ती स्वतःच लावत जातात. चक्राच्या बाहेर वरच्या कोपऱ्यात उभे बुद्ध बोटाने दिशा दाखवत असतात, तेही चुकवू नका.

याच ओसरीत चार राजे असतात. वीणा वाजवणारा पांढरा धृतराष्ट्र पूर्वेचा, तलवारवाला निळा विरूढक दक्षिणेचा, हातात स्तूप घेतलेला तांबडा विरूपाक्ष पश्चिमेचा, आणि मुंगूस धरलेला पिवळा वैश्रवण उत्तरेचा. पाली ग्रंथांतले चार महाराज ते हेच.

आता उग्र मूर्ती. लडाखचा धम्म वज्रयानी, म्हणजे तिबेटी तांत्रिक परंपरेचा आहे. त्यात करुणा आणि प्रज्ञा या गुणांना शांत रूप असतं तसंच रौद्रही असतं. म्हशीच्या तोंडाचा वज्रभैरव म्हणजे मंजुश्रीचं, प्रज्ञेचंच, मृत्यूवर मात करणारं रूप. महाकाल हा बऱ्याच परंपरांमध्ये अवलोकितेश्वराचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं, रौद्र रूप मानला जातो. कवट्यांचा मुकुट पाच क्लेशांचं, म्हणजे मनाच्या विकारांचं, पाच ज्ञानांत रूपांतर सांगतो. आलिंगनातल्या युगुल मूर्तींचा अर्थ उपाय (म्हणजे करुणा) आणि प्रज्ञा एकत्र येणं असा आहे. मुलांना हे एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं, लाजून घाईने पुढे नेऊ नका. स्पितुकच्या वरच्या मंदिराला पुष्कळ प्रवासी कालीमंदिर म्हणतात. तिथली मुख्य मूर्ती वज्रभैरवाची आहे आणि तिचा चेहरा वर्षातून एकदा, हिवाळ्यातल्या गुस्तोर उत्सवात उघडतात. एरवी तो कापडाने झाकलेला असतो. कापड बाजूला करून पाहायचा आग्रह धरू नका.

आपल्या मातीशी असलेला धागाही मुलांना दाखवा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर. लडाखमध्ये तोच अकरा मस्तकांचा, हजार हातांचा होऊन उभा असतो, आणि वाटेवरच्या दगडांवर कोरलेला ‘ओम मणि पद्मे हुं’ हा त्याचाच मंत्र. पूजेत त्रिशरणही असतं, फक्त बुद्ध, धम्म आणि संघाच्या आधी तिथे ‘लामा’ला, म्हणजे गुरूला शरण जातात. आपल्याकडच्या परंपरेपेक्षा हा फरक मोठा आहे. तो झाकून ‘सगळं एकच’ म्हणण्यापेक्षा तो मुलांना समजावून सांगावा, असं आम्हाला वाटतं.

तिबेटी बौद्ध धम्माच्या चार मुख्य परंपरा पाहायच्या असतील तर असे गोंपा निवडा: गेलुगसाठी थिकसे, द्रुकपा काग्युसाठी हेमिस, साक्यासाठी माथो, न्यिंगमासाठी शक्ती गावाजवळचा ताकथोक. शेवटचे दोन हे आपापल्या परंपरेचे लडाखमधले एकमेव मठ आहेत. आणि चारही लेहच्या एकाच बाजूला, सिंधूच्या वरच्या अंगाला असल्याने दोन दिवसांत निवांत होतात.

प्रश्न: आल्चीला फोटो काढू देत नाहीत, आत अंधार असतो, बाहेरून साधं मातीचं घर दिसतं. मग एवढं नाव कशासाठी?

उत्तर: कारण तिथल्यासारखं चित्रकाम हिमालयात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. इतर गोंपा टेकडीवर, आल्ची मात्र सपाटीवर, जर्दाळूच्या झाडांमध्ये, सिंधूच्या काठाला. चढ नाही, गुडघे दुखणाऱ्यांना सर्वांत सोयीचं. मंदिरं साधारण अकराव्या ते तेराव्या शतकांतली. परंपरा त्यांचं श्रेय रिन्चेन झांगपो या थोर अनुवादकाला (९५८–१०५५) देते. काम काश्मिरी वळणाच्या कलाकारांचं आहे. खुद्द काश्मीरमधली त्या काळची बौद्ध भित्तिचित्रं आज शिल्लक नाहीत, म्हणून ती कला कशी होती हे पाहायला जगभरचे अभ्यासक आल्चीला येतात.

वेळ कमी असेल तर सुमत्सेक या तीन मजली मंदिरातच अर्धा तास द्या. तीन कोनाड्यांत तीन बोधिसत्त्व उभे आहेत, सुमारे चार मीटर उंच, मातीचे. त्यांचे पाय आणि धोतरं खालच्या मजल्यावर दिसतात, चेहरे वरच्या मजल्याच्या उंचीला पोहोचतात. नजर धोतरांवर ठेवा, खरी संपत्ती तिथे आहे. डावीकडच्या अवलोकितेश्वराच्या धोतरावर राजवाडे, देवळं, घोडेस्वार आणि माणसं आहेत. मधल्या मैत्रेयाच्या, म्हणजे भावी बुद्धाच्या, धोतरावर लालसर वर्तुळांत बुद्धचरित्रातले प्रसंग आहेत. उजवीकडच्या मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध, म्हणजे तांत्रिक परंपरेतले थोर योगी, बसलेले आहेत. गुडघ्याजवळची एकेक आकृती हाताच्या पंजाएवढीसुद्धा नाही, तरी दागिन्याची कड आणि कापडाचा पोत वेगळा काढलेला आहे. वरच्या मजल्यांवर जाऊ देत नाहीत, त्यासाठी वाद घालू नका.

फोटोबंदीमागे नीट कारण आहे. ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर, गिलावा सुकल्यानंतर काढलेली आहेत. अजिंठ्याची पद्धतही अशीच कोरड्या पृष्ठभागावर रंगवायची. त्यामुळे रंग भिंतीत मुरलेला नसतो, वर चिकटलेला असतो. बोट लागलं, पिशवी घासली की भुकटी निघते. गर्दीच्या श्वासाने खोलीत ओल वाढते. पाठीवरची सॅक बाहेर ठेवा किंवा पोटाकडे घ्या. छोटी, मंद एलईडी बॅटरी न्या. ती लावू देतात का हे दारातल्या लामांना विचारा आणि लावलीत तर प्रकाश एका जागी रोखून धरू नका.

भिंतींवर वरून खाली आलेले मातकट ओघळ दिसतील. ते पावसाचे आहेत. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्या हिशेबाने तिथली मातीची सपाट छपरं बांधलेली असतात. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीसारखा पाऊस आला की छप्पर पाणी पितं आणि ओघळ चित्रांवर उतरतात. हजार वर्षं टिकलेल्या भिंतीला एक पावसाळा पुरतो, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. देणगीपेटी दुरुस्तीसाठी असेल तर हात आखडता घेऊ नका.

आल्ची सकाळी लवकर पाहा. लेहहून येणाऱ्या गाड्या अकराच्या सुमारास पोहोचतात. म्हणूनच वर मुक्काम इथे सुचवला आहे.

प्रश्न: पहाटेची पूजा बसून पाहता येते का? काय पाळावं लागतं?

उत्तर: येते, आणि थिकसेची पूजा यासाठी सर्वांत सोयीची, लेहपासून १९ किलोमीटर. उन्हाळ्यात सहाच्या आसपास गच्चीवरून लांब कर्णे, दुंगचेन वाजतात आणि लामा आत येऊ लागतात. वेळ आदल्या दिवशी गोंपातच विचारून घ्या, ड्रायव्हरच्या अंदाजावर राहू नका.

चपला, टोपी आणि गॉगल दारात काढायचे, पायमोजे जाड हवेत कारण फरशी गार असते. भिंतीकडच्या चटयांवर बसा. मधल्या लांब रांगा लामांच्या असतात. त्यांच्या बुटक्या मेजांवर पोथीची सुटी पानं ठेवलेली असतात, ती ओलांडून जायचं नाही. पाय मूर्तीकडे पसरायचे नाहीत. फ्लॅश नको, आणि कॅमेऱ्याचा आवाजही बंद ठेवा. मध्ये उठावं लागलं तर कडेने, डावीकडून उजवीकडे जा, प्रदक्षिणेच्या दिशेनेच. बाहेर मणी भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली तर ती आपल्या उजव्या हाताला राहील अशी चाला.

छोटे लामा किटलीतून लोणी आणि मीठ घातलेला चहा वाढतात. पेला रिकामा केलात की तो पुन्हा भरतात. नको असेल तर भरलेला तसाच ठेवा, ते अपमानाचं नाही. चहा समजून प्यायलात तर चव चमत्कारिक लागते, पातळ सूप समजून प्या.

दान पेटीत किंवा मूर्तीसमोर ठेवा, लहान लामांच्या हातात पैसे किंवा चॉकलेट देऊ नका. काही गोंपांमध्ये संरक्षक देवतांच्या खोलीत, गोनखांगमध्ये, स्त्रियांना प्रवेश नसतो. पाटी पाहा किंवा विचारा.

प्रश्न: हेमिसचा मेळा दरवर्षी एकाच तारखेला असतो का? मोठा थांका पाहायला मिळेल का?

उत्तर: तारीख तिबेटी पंचांगाने ठरते: पाचव्या महिन्याची दशमी आणि एकादशी. इंग्रजी कॅलेंडरात ती जून किंवा जुलैत कुठेही येते. त्या वर्षीची तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. दोन दिवसांनी मेळा चुकलेले प्रवासी दरवर्षी भेटतात. तिबेटमध्ये बौद्ध धम्म रुजवणाऱ्या गुरू पद्मसंभवाचा तो मोठा थांका बारा वर्षांतून एकदाच, माकडाच्या वर्षी उघडतात. मागचा २०१६ मध्ये उघडला, पुढचा २०२८ मध्ये.

मुखवट्यांचा नाच, छम, अंगणात होतो. पद्मसंभवाची आठ रूपं हा त्याचा गाभा. नाच संथ असतो, एकेक पाऊल उचलून वळायला वेळ घेतात, म्हणून लहान मुलं तासाभरात कंटाळतात. काय चाललं आहे हे आधी सांगितलं असेल तर ती टिकतात. सकाळी आठच्या आत पोहोचा आणि दुपारी ऊन कुठून येणार हे पाहून जागा धरा. उंचीवरचं ऊन सावलीशिवाय चार तास सोसत नाही. गर्दी नको असेल तर उन्हाळ्यातले फियांग आणि लामायुरूचे उत्सव पाहा. कडाक्याच्या थंडीची तयारी असेल तर स्पितुक आणि माथोचे हिवाळ्यातले उत्सव आहेत, त्यांना गावकरीच जास्त असतात.

प्रश्न: मोबाइल, पैसे, टॅक्सी, शाकाहारी जेवण यांचं काय?

उत्तर: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातलं एक तरी सिम निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. गोंपांच्या प्रवेशासाठी सुट्या नोटा ठेवा, दऱ्यांमध्ये नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत. ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स ठेवा. नुब्रासारख्या सीमेलगतच्या भागाचे नियम आणि शुल्क बदलत असतात, ते निघण्याच्या आठवड्यात तपासा. श्रीनगर किंवा मनालीहून आणलेली टॅक्सी लेहपर्यंत सोडते, पुढे स्थानिक फिरण्यासाठी लडाखचीच गाडी लागते. तिचे दर युनियनने ठरवलेले आणि छापलेले असतात.

शाकाहारी जेवण लेहमध्ये सहज मिळतं. गावात थुकपा (नूडल्सचं सूप) किंवा स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा) घेताना रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारा. भाज्या दिसल्या तरी पाणी हाडांचं असू शकतं.

आणखी एक. टूर कंपनीला ‘गाइड बरोबर आहे का’ असं विचारलंत तर ‘हो’च म्हणतील. त्याऐवजी विचारा की गोंपाच्या आत आमच्याबरोबर कोण येणार? पुष्कळदा उत्तर ‘ड्रायव्हर बाहेर थांबेल’ असं असतं. ड्रायव्हर रस्त्याचा जाणकार असतो, भिंतींचा नाही. निदान आल्ची आणि थिकसे या दोन जागांसाठी स्थानिक, परवानाधारक गाइड घ्या.

प्रश्न: शाममध्ये गावातल्या घरी राहायचं आहे. सोयी कशा असतात?

उत्तर: स्वच्छ आणि साध्या. बसायला गादी, समोर चोगत्से नावाचं बुटकं कोरीव मेज, मधोमध लोखंडी चूल. पाणी जपून वापरायचं. हात वर करून ‘जुले’ म्हटलं की ओळख होते. तो नमस्कारही आहे आणि धन्यवादही.

बऱ्याच घरांत कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावर जमिनीला भोक आणि कोपऱ्यात मातीचा ढीग व फावडं. वापर झाला की फावडंभर माती भोकात लोटायची. पाणी ओतायचं नाही. खाली मैल्याचं खत तयार होत असतं, ते वसंतात शेतात जातं, आणि पाणी पडलं की ते कुजण्याऐवजी सडतं व घरभर वास येतो. धुण्यासाठी पाणी लागतच असेल तर यजमानांना विचारा, बहुतेकांकडे पाहुण्यांसाठी वेगळा संडास असतो. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, प्लास्टिक यांतलं काहीही त्यात टाकू नका, ते शेतात पोहोचतं.

खोरं समजून घ्यायचं असेल तर संध्याकाळी पाटाच्या कडेने वर चालत जा. पाऊस नसलेल्या मुलखात जवाचं शेत उभं राहतं ते वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाणी नाल्यातून काढून युरा म्हणजे पाटाने गावात आणतात आणि कोणाच्या शेताला कधी सोडायचं हे चुरपोन, म्हणजे गावाने नेमलेला पाणकरी, ठरवतो. हिरवी पट्टी पाट जातो तिथपर्यंतच असते. त्याच्या एक हात वर उघडा डोंगर. गोंपा कातळावर बांधला त्यामागे संरक्षण आणि एकांत होतेच, पण पाणी पोहोचणारी जमीन घरासाठी किंवा मठासाठी वाया घालवायची नाही, हाही हिशेब होता. अशा गावातून चालताना पाटाच्या तोंडाशी एखादा चपटा दगड आणि त्याला लावलेला गवताळ मातीचा ढेकूळ दिसेल. फोटोसाठी किंवा पाय ठेवायला तो हलवू नका. तेच त्या पाटाचं दार असतं, आणि ते सरकलं तर कोणाची तरी पाण्याची पाळी दुसऱ्याच्या शेतात जाते.